क्षयजन्य फुप्फुसावरणातील जलसंचय : उपचारकाळात श्वसनक्षमतेची पुनःप्राप्ती

प्रस्तावना :
क्षयरोग म्हटला की खोकला व थुंकीतील जंतू डोळ्यांसमोर येतात. तथापि फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साचणे हेही या रोगाचे एक महत्त्वाचे रूप असून ते तरुण वयात पुष्कळदा आढळते. त्यामुळे अध्यापकवर्गाला त्याची माहिती असणे उचित ठरते. श्वसनक्षमता कशी परत येते व तिच्यावरून रोगमुक्तीचे अनुमान का काढता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्वसनक्षमता का घटते? :
आवरणालगतचा क्षयाचा लहानसा व्रण फुटून जंतूंचे घटक पोकळीत शिरतात. त्यांच्याविरुद्ध शरीराची तीव्र प्रतिक्रिया होऊन द्रव स्रवतो. स्पायरोमेट्री चाचणीत, पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेल्या हवेचे आकारमान घटलेले दिसते; मात्र त्यापैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण सहसा टिकून असते. म्हणजेच श्वासनलिका मोकळ्या असतात. फुप्फुसाला फुलण्यास जागा नसते.

पुनःप्राप्तीचा क्रम :
सुईने द्रव काढल्यावर धाप बहुधा लवकर कमी होते. परंतु एक लिटर द्रव काढल्याने वरील आकारमान एक लिटरने वाढत नाही. वाढ पुष्कळच कमी असते. कारण द्रवाला बरीचशी जागा छाती रुंदावून व श्वासपटल खाली सरकून मिळालेली असते. पुढील सुधारणा द्रव शोषला जाईल तशी क्रमाने होते. काही रुग्णांत आवरण जाड राहते. परंतु क्ष-किरण चित्रातील अशा छायेवरूनच उपचार निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही.

श्वास आणि रोगमुक्ती :
हा द्रव औषधांवाचूनही अनेकदा ओसरतो, आणि खरा धोका येथेच आहे. रोपर व वेअरिंग यांनी १९५५ मध्ये अमेरिकी सैन्यातील अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयविरोधी औषधे न मिळालेल्या या रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्के व्यक्तींना पुढे सक्रिय क्षयरोग झाला.

समारोप :
औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी भारतात सामान्यतः पहिले २ महिने चार व नंतरचे ४ महिने तीन औषधे दिली जातात. धाप मात्र त्यापूर्वीच थांबलेली असते. म्हणून ‘आता बरे वाटते’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यास उपचार पूर्ण करण्याचा आग्रह धरणे हे अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.