काळी नदीचा हंगामी रोजगार

कर्नाटकातल्या अणशीच्या घाटात पाऊस धो धो कोसळतो, पण काळी नदीवरच्या राफ्टिंगचा हंगाम सुरू होतो तो पावसाळा सरल्यावर. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत गणेशगुडीजवळ तराफे पाण्यात उतरतात. वरच्या अंगाला १०१ मीटर उंचीचे सूपा धरण आहे. वीजनिर्मितीसाठी तिथून पाणी सोडले, तरच नदीला वेग येतो.

हे काम अर्थातच हंगामी. शिकाऊ मुलगा सुरुवातीला तराफे उचलतो, हवा भरतो, पर्यटकांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतो. मग पाणी वाचायला शिकतो: खडक कुठे दडला आहे, भोवरा कुठे ओढतो, उलटा प्रवाह कुठे लागतो. पाण्यात पडलेल्याकडे दोरीची थैली अचूक फेकणे आणि प्रथमोपचार आलेच पाहिजेत. त्याआधी कुणाच्याही हाती तराफा सोपवू नये.

पाण्याइतकेच काम जंगलातही आहे. अणशी राष्ट्रीय उद्यान आता काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसच्या दांडेलीतील तळावर पाहुण्यांना जंगल दाखवायला निसर्ग-मार्गदर्शक लागतात. जोयड्याच्या कुणबी, गवळी, सिद्दी घरांतल्या मुलांना इथली झाडे-पाखरे लहानपणापासून ठाऊक असतात. या नोकऱ्यांवर पहिला हक्क त्यांचाच हवा, आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यांच्या माथी पडू नये.

बारमाही कमाईसाठी मात्र नदी बदलावी लागते. गोव्यात म्हादईवरचे राफ्टिंग भर पावसात चालते. कोलाडला कुंडलिकेवर वीजप्रकल्पाचे पाणी सकाळी सुटते. हृषीकेशला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचे तराफे बंद असतात.