दाखल्यावरचा त्रिकोण

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचा दाखला येतो. चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी, प्रवर्ग, सह्या. तेवढ्या वेळात कुणी खुर्ची शोधत असतं, कुणी पोराला मांडीवर घेत असतं. माझी नजर मात्र डावीकडे खालच्या कोपऱ्यात जाते. वर्षानुवर्षांची ही खूण आहे: तिथं त्रिकोण असला, की या चित्रपटाला कात्री लागली आहे.

ही कात्री कोल्हापूरनं फार लवकर पाहिली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता, की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य काढावं लागलं. १९१८च्या कायद्यानुसार मुंबईत सेन्सॉर मंडळ बसलं तेही त्याच वर्षी.

पुढे सरकारला रक्तापेक्षा शब्दाची धास्ती वाटू लागली. १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू झाली. तिच्या शिवचरित्रावरच्या १९३०च्या चित्रपटाचं नाव ठरलं होतं ‘स्वराज्याचे तोरण’. दिग्दर्शक व्ही. शांताराम स्वतः त्यात शिवाजी महाराज झाले होते. सेन्सॉरनं नावालाच हरकत घेतली आणि चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून लागला. प्रभात पुण्याला गेल्यावर, १९३५ साली, संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ करावा लागला. नाव हीच चित्रपटाची पहिली जाहिरात. ‘स्वराज्य’ हा शब्द गावोगावच्या भिंतींवर चिकटला तर काय होईल, हे गोऱ्या सरकारला नेमकं कळत होतं. आणि जिथं बाबूराव स्वतः पोस्टरं रंगवायचे, त्या कोल्हापूरला तर ते कुणी सांगायलाच नको.

स्वातंत्र्यानंतर १९५२चा कायदा आला, ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) ही अक्षरं रुळली. १९८३ साली ‘यूए’ (मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाखाली) आणि ‘एस’ (विशिष्ट व्यावसायिकांसाठी) आले. २०२३च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केले.

मला कात्रीपेक्षा ‘यूए’सारखं अक्षर कितीतरी बरं वाटतं. कात्री सगळ्यांच्या वतीनं परस्पर ठरवून मोकळी होते. अक्षर आईबापांना सावध करून निर्णय त्यांच्यावर सोडतं. पण त्यासाठी ते दिसलं पाहिजे. ‘ए’, ‘यूए’ वा ‘एस’ दाखला मिळाल्यावर वर्तमानपत्रातली जाहिरात, फलक, पोस्टर, हँडबिल, सगळ्यांवर तो नमूद करायचा, असं १९८३चे नियम सांगत. छापलेल्या पोस्टरवर नायकाचा चेहरा रस्त्यापलीकडून ओळखू येतो. ते अक्षर वाचायला मात्र पोराचा हात धरून भिंतीपर्यंत जावं लागतं.