‘छू’ नको, ‘यू यू’ म्हणा!

पळणाऱ्या कुत्र्याचा फोटो म्हणजे फोटोग्राफीतला सॉलिड अवघड पेपर. पण खरा प्रश्न शटर स्पीडचा नाहीच. कुत्रं पळतंय कशासाठी, हा आहे!

तुमच्या मोबाइलची गॅलरी उघडा. त्यात कुत्र्यांचे फोटो किती? आणि त्यातले पळणारे किती? बहुतेक सगळे सोफ्यावर लोळणारे, जीभ बाहेर काढून पोज देणारे, नाहीतर वाढदिवसाची टोपी घातलेले. पळतानाचा एखादा असलाच, तर त्यात अर्धं शेपूट आणि भरपूर गवत! फ्लॅटमधल्या कुत्र्याला पळायला जागा नसते आणि रस्त्यावरचं कुत्रं पळायला लागलं की आपण आधी बाजूला होतो. फोटो कोण काढणार?

म्हणून फेब्रुवारीतल्या एका वीकएंडला कॅमेरा घेऊन थेट बुलढाणा जिल्हा गाठला. बुलढाणा शहर घाटावर. तिथून खामगावला जायचं तर बोथ्याच्या जंगलातून, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्यातून जावं लागतं. इथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत. २०१९ मध्ये तर टिपेश्वरहून निघालेला एक वाघ मजल दरमजल करत इथे येऊन पोचला होता. जंगल संपलं की काळ्या मातीची सपाट रानं सुरू होतात. हरभरा निघाला की ती मोकळी होतात आणि मेंढपाळ कळप घेऊन येतात. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढ्यांना चारा. आणि कळप आला की त्याच्याबरोबर कुत्री आलीच.

एका सेंटिमीटरचा हिशेब

आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. ताशी ३६ किलोमीटरने पळणारं कुत्रं सेकंदाला १० मीटर जातं. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ते सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतं. फोटोत कुत्र्याऐवजी पट्टा उमटतो. तेच १/१००० ला फक्त एक सेंटिमीटर. पंजे तर अंगापेक्षाही जोरात फिरतात, म्हणून जमलं तर १/२००० वर जायचं.

दुसरा फंडा पॅनिंगचा. शटर १/३० किंवा १/६० ठेवायचं आणि कुत्र्याच्या वेगानेच कॅमेरा फिरवायचा. कुत्रं बऱ्यापैकी स्पष्ट, मागचं रान वाहून गेलेलं. दहा फोटोंत एखादा जमतो, पण जमला की क्या बात है!

चारही पाय हवेत

हे वेड जुनं आहे. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, या प्रश्नाचं उत्तर एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून दिलं. असतात, पण पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेला ‘उडता’ घोडा चित्रकारांनी वर्षानुवर्षं रंगवला, तो खोटा ठरला. १८८७ मध्ये मायब्रिजने प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींची ७८१ चित्रफलकं प्रसिद्ध केली. त्यात कुत्रीही आहेत.

गंमत अशी, की घोड्याच्या बाबतीत खोटी ठरलेली ती पोज ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांना अगदी फिट्ट बसते! एका झेपेत ती दोनदा जमीन सोडतात. एकदा पाय गोळा करून आणि एकदा पूर्ण ताणून. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हाउंडही याच बांध्याचे. मुधोळ हाउंडला तर २००५ मध्ये टपाल तिकिटावर जागा मिळाली. मला तीच ताणलेली झेप हवी होती.

‘ससा उठवू काय?’

खामगावच्या अलीकडे एका रानात कळप दिसला. मेंढपाळ काका साठीचे. त्यांचा कुत्रा उंच, सडपातळ, लांब तोंडाचा. जात विचारली, तर म्हणाले, ‘कुत्र्याचीच जात हाय ताई.’

पण हा पठ्ठ्या पळेचना! तास झाला, दीड तास झाला. तो बाभळीखाली निवांत. इकडचा मेंढपाळाचा कुत्रा फिल्ममधल्या परदेशी कुत्र्यांसारखा मेंढ्या वळत बसत नाही. त्याचं काम राखणीचं. दिवसा पडून राहायचं, रात्री जागायचं आणि जनावर आलं तर अंगावर जायचं. काका म्हणाले, ‘काम नसलं त कायले पयल थो?’

मग त्यांनीच तोडगा सुचवला. ‘ससा उठवू काय? मंग पाहा थो कसा पयते!’

‘छू’ म्हणायची खोटी होती. मला हवी असलेली झेप मिळालीही असती. मी नको म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाला संरक्षण आहे आणि जनावराला उठवून मागे कुत्रं सोडणं ही शिकारच. शिवाय त्या फोटोला खाली ओळ काय देणार? ‘मरणाच्या भीतीने पळणारा ससा फ्रेमबाहेर आहे’?

काका हसले. ‘मंग भाकर दाखवा लागन.’ त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला, शंभरेक पावलं लांब गेले आणि आवाज दिला, ‘यूऽ यूऽ यूऽ!’

कुत्रा उठला आणि सुटला. कान मागे, नजर काकांवर. मी मातीत पालथी पडून बोट दाबून ठेवलं. काही सेकंदांत खेळ खलास.

स्क्रीनवर काय दिसलं?

फोटो दाखवायला काकांजवळ गेले. ते एकेक फ्रेम पुढे करत होते. मधेच थांबले, मागे गेले. ‘ह्या पायावर जोर देत नाई थो.’ खरंच, एकापाठोपाठच्या फ्रेम्समध्ये डावा मागचा पाय जेमतेम टेकून उचललेला होता. डोळ्यांना ते इतक्या वेगात दिसलंच नव्हतं. काकांनी कुत्र्याला आडवं पाडलं आणि पंजा चाचपला. गादीत बाभळीचा काटा मोडलेला! दाभणाने तो काढला, तेव्हा कुत्रा एकदाच कळवळला.

‘आठ दिस झाले, मांगंच राह्यते. मले वाटलं म्हातारा झाला. दुसरं पिल्लू पाह्यत होतो मी.’

बिबट्याच्या मुलखात राखणीच्या कुत्र्याला म्हातारा म्हणणं म्हणजे त्याची नोकरी गेली समजा. माझ्या दोनशे फोटोंत ती ताणलेली झेप एकही नाही. पण त्या पायाच्या चार फ्रेम्स मी डिलीट करणार नाही.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

• वेळ: सकाळी ऊन चढेपर्यंत आणि दिवस मावळायच्या आधीचा तास. तिरप्या उन्हात धूळही मस्त चमकते.

• रंग: काळ्या मातीमुळे कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो. एक्स्पोजर थोडं उणे करा.

• अँगल: कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर या. सुरुवात आडव्या पळण्याने करा, समोरून येणाऱ्यावर फोकस टिकवणं जास्त कठीण. मोबाइल असेल तर बर्स्ट मोड वापरा.

• पळवायचं कसं: ओळखीची हाक, खाऊ, चेंडू, नाहीतर दोरीला बांधून ओढलेली चिंधी. ससा, हरीण, मोर यांच्या मागे कधीच नाही. ज्ञानगंगा आणि लोणार ही दोन्ही अभयारण्यं आहेत, तिथे कुत्रं नेऊ नका.

• राखणीचा कुत्रा: आधी मालकाला लांबूनच हाक मारा. कुत्रा धावून आला तर पळू नका, स्थिर उभे राहा. चावलाच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

• जायचं कसं: मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर मलकापूर किंवा शेगावला उतरा. गाडीने येणार असाल तर समृद्धी महामार्गावरून मेहकरला बाहेर पडा.

• आणि हो, फोटो आधी मालकाला दाखवा. कुत्र्याकडे बघायची त्याची नजर आपल्यापेक्षा तयार असते.