‘दुहेरी’ म्हणजे दुप्पट नव्हे : सहसंयुज बंधांची परिभाषा

व्यवहारातला शब्द परिभाषेत घेतला की तो आपला जुना अर्थही बरोबर आणतो. रसायनशास्त्रातील ‘सहसंयुज बंध’ या संज्ञेच्या आधारे हे पाहू. ‘संयुजा’ म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता. ‘सह’ या उपसर्गाने तिला सामाईकपणाचा अर्थ येतो. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात, ही कल्पना ल्यूइस यांनी १९१६ मध्ये मांडली.

अशी एक जोडी असेल तर बंध एकेरी, दोन असतील तर दुहेरी, तीन असतील तर तिहेरी. (‘एकेरीवर येणे’ येथे अर्थातच अभिप्रेत नाही.) परंतु दुहेरी शिवण अधिक पक्की, हे आपल्या मनात ठसलेले असते, त्यामुळे दुहेरी बंधही दुप्पट बळकट असेल, असे आपण नकळत गृहीत धरतो. कार्बनच्या दोन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल ऊर्जा लागते. दुहेरी बंधाला ६९४ नव्हे, सुमारे ६१४ पुरते; तिहेरीला ८३९. कारण पहिली जोडी दोन अणुकेंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर एकवटते. तो सिग्मा बंध. पुढील जोड्या त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरतात. कार्बनमध्ये या पाय बंधांची पकड तुलनेने सैल असते. फळे पिकवणाऱ्या एथिलीनमध्ये असा एक पाय बंध असतो, तर गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनमध्ये दोन. दोन्ही वायू चटकन अभिक्रिया करतात.

नायट्रोजनमध्ये हा हिशेब उलटतो. त्याच्या दोन अणूंमधील एकेरी बंध अवघ्या १६० किलोज्यूलच्या आसपास, कारण दोन्ही अणूंवरील न वाटलेल्या जोड्या परस्परांना दूर लोटतात. तिहेरी बंध मात्र सुमारे ९४५, म्हणजे जवळजवळ सहापट!

तेव्हा ही विशेषणे फक्त जोड्या मोजतात. बळ मोजत नाहीत. माझ्या मते त्यामुळे संज्ञा सदोष ठरत नाही. ‘डबल बॉण्ड’ म्हटल्यानेही हा गैरसमज टळला नसता, आणि ‘दुहेरी’ हा शब्द निदान कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र शिकवताना तो काय सांगत नाही, हेही सांगावे लागते.

कोल्हापूर परिसरातील उसाच्या फडावरील हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण उसाला तो तसाच घेता येत नाही. तो तिहेरी बंध तोडून अमोनिया करण्यासाठी कारखान्यात लोहयुक्त उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. शेतकऱ्याच्या युरियाच्या पोत्यातील नायट्रोजन याच वाटेने आलेला असतो.