विक्रीत वॉलमार्ट, नफ्यात ॲपल

उलाढालीच्या यादीत अमेरिकेची वॉलमार्ट वर्षानुवर्षे अव्वल होती. जानेवारी २०२४ अखेरच्या आर्थिक वर्षात तिने ६४८ अब्ज डॉलरचा धंदा केला, पण निव्वळ नफा उरला साडेपंधरा अब्ज. शंभर डॉलरच्या विक्रीमागे अडीच डॉलरही नाहीत. किराणा मालात मार्जिन तुटपुंजे, त्यात सुमारे २१ लाख कर्मचाऱ्यांचे पगार. नुसती उलाढाल पाहून कंपनी जोखणारे गुंतवणूकदार इथेच फसतात. ॲपलची सप्टेंबर २०२३ अखेरची वार्षिक विक्री ३८३ अब्ज, नफा मात्र ९७ अब्ज: शंभरामागे पंचवीस! सौदी अराम्कोने तर २०२२ मध्ये तेल भडकल्यावर १६१ अब्ज कमावले. पुढच्याच वर्षी दर उतरले आणि नफा १२१ अब्जांवर घसरला.