ओळंबा, सुतळी आणि उरेब कापड

सुरतेच्या लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं मागावर आणि शिलाई मशीनवर पोट भरतात. उभ्या-आडव्या धाग्यात कापड ताठ राहतं, उरेब धरलं की ओढ घेतं आणि वळणावर नीट बसतं, हे तिथल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. घरी विमान बांधणाऱ्याला चाकांची आवरणं बसवताना नेमकं हेच ज्ञान लागतं.

घरी बांधलेलं विमान मराठी माणसाने पाहिलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आलं, 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली आणि 2020 मध्ये, सुरतेहून पूर्वेला जाणाऱ्या महामार्गावरच्या धुळ्यात, ते उडालं.

ज्या छोट्या विमानांची चाकं पोटात मिटत नाहीत, त्यांचे चाकांचे पाय वाऱ्यात उघडे राहतात. गोल नळीमागे हवा फुटते, भोवरे होतात आणि ते विमानाला मागे ओढतात. अमेरिकेतल्या लँगली प्रयोगशाळेत 1927 च्या सुमारास स्पेरी मेसेंजर हे दुपंखी विमान मोठ्या वातबोगद्यात ठेवलं, तेव्हा एकूण अवरोधापैकी जवळपास 40 टक्के अवरोध उघड्या चाकांचा आणि पायांचा निघाला. त्यावरचा उपाय म्हणजे फेअरिंग: पायाला माशाच्या आकाराचं आवरण आणि चाकाला टपोऱ्या थेंबासारखी टोपी.

कामाची सुरुवात जॅकपासून होते. जमिनीवर उभ्या विमानाचे पाय वजनाने फाकतात, हवेत ते पुन्हा आत येतात. म्हणून विमान उचलून, चाकं अधांतरी ठेवून, पाणसळीने समतल करतात. मग गवंड्याचा ओळंबा. नाकाखालून आणि शेपटीखालून तो सोडायचा, फरशीवर दोन खुणा करायच्या आणि खडूच्या सुतळीने मधली रेघ मारायची. प्रत्येक चाकाखाली तिला समांतर दुसरी रेघ.

पायाचं आवरण याच रेघांवर जुळवतात. त्याच्या पुढच्या कडेपासून सुतळी मागे सरळ ताणायची. मागची धार तिच्याखाली अचूक यायला हवी. धार जरा तिरकी राहिली, तर आवरण सुकाणूसारखं वागतं आणि विमान एका अंगाने ओढतं.

चाकाची टोपी दोन भागांत येते, पुढचा आणि मागचा. घरी बांधायच्या ‘आरव्ही’ मालिकेच्या विमानांत टायरवर इंचभर जाडीचा ठोकळा ठेवून टोपी बसवतात, म्हणजे चाकावर तेवढी मोकळीक उरते. टोपीचं नाक आणि शेपूट रेघेपासून सारख्या अंतरावर आलं की भोकं पाडायची. आधी बारीक भोक, तात्पुरती पिन, पुन्हा माप, मगच स्क्रूचं पूर्ण भोक. काचतंतूच्या टोपीत चुकलेलं भोक बुजवता येतं, पण त्यात एक दिवस जातो.

खरी कसोटी सांध्यांवर लागते, जिथे पाय पोटाला मिळतो आणि टोपी पायाला. तिथे मूर्तिकाराच्या मातीने गोलाई घडवायची, चिकटपट्टी लावायची आणि त्यावर इपॉक्सी या राळेत भिजवलेलं काचकापड चढवायचं, उरेब कापून. सरळ धाग्याचं कापड वळणावर सुरकुततं, 45 अंशांत कापलेलं अलगद बसतं. वाळल्यावर माती काढायची, लांबी भरायची, पॉलिश पेपर घासायचा, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर.

सुरतेसारख्या दमट, उष्ण हवेत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उन्हाळ्यात कालवलेली इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून थोडी थोडीच कालवायची. पावसाळ्यात काही इपॉक्सींवर मेणचट थर चढतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही.

निकाल पहिल्या उड्डाणात लागतो. सरळ उडताना घसरण दाखवणाऱ्या नळीतली गोळी मधोमध राहिली, तर काम साधलं. ती बाजूला बसली, तर खाली उतरून आवरण किंचित फिरवायचं आणि पुन्हा उडायचं.

सुरतेत आणि खानदेशात यंत्रं शिकणाऱ्या मुलामुलींनी विमान हाती येण्याची वाट पाहू नये. एक नळी, थोडी माती, दोन हात काचकापड आणि ओळंबा घेऊन एक सांधा बनवून बघावा. कापड कसं धरायचं, हे सांगणारं माणूस शेजारच्याच मशीनवर बसलेलं आहे.