बसलेली बॅटरी भंगारात घालण्यापूर्वी



दसरा जवळ आला की देवळाली प्रवरा परिसरातील ट्रॅक्टर शेडबाहेर निघू लागतात. ट्रॉल्यांचे टायर पाहून होतात, हुक-पिना बदलून होतात, मुकादमाला उचलही देऊन झालेली असते. मग ड्रायव्हर सेल्फ मारतो आणि नुसता टक्-टक् आवाज येतो. बॅटरी बसलेली! दुकानात नेली तर उत्तर ठरलेले, "सीलबंद आहे, काही होत नाही, नवी घ्या." म्हणजे हंगामाच्या तोंडावर काही हजारांचा फटका.

दुकानदाराचे म्हणणे काही वेळा खरे असते, पण प्रत्येक वेळी नाही. आम्ही स्वतः ८ व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी परत कामाला लावली आहे, आणि वर्षभर तशीच पडून राहिलेली दुसरी खटपट करूनही उठली नाही. कोणती उठेल आणि कोणती नाही, हे सभासदांना घरच्या घरी ओळखता यावे, म्हणून हा लेख.

बॅटरी बसते म्हणजे काय होते?

फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी तयार केली. आपल्या ट्रॅक्टरमधली आजही मुळात तीच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. बॅटरी वापरली की शिशाच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते. चार्ज केली की ते परत विरघळते.

यातली गोम साखरेच्या भाषेत सांगतो. पिठीसाखर पाण्यात टाकली तर लगेच विरघळते, खडीसाखर वेळ घेते. ताजे सल्फेट पिठीसाखरेसारखे असते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की त्याचा दाणा मोठा व कठीण होत जातो आणि मग ते सहजासहजी विरघळत नाही. म्हणून बॅटरी किती उतरली याहूनही ती किती दिवस तशी पडली, हे महत्त्वाचे. चार दिवसांपूर्वी बसलेली बहुधा उठते. अख्खा पावसाळा बसून काढलेलीची आशा कमी.

आधी मोजा, मग ठरवा

साधा डिजिटल मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावे. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या खाली म्हणजे खोलवर उतरलेली. वरच्या हिरव्या डोळ्यावर भिस्त ठेवू नये; तो सहापैकी एकाच घराची हकीकत सांगतो.

मोजण्याआधी बॅटरी नीट पाहावी. पेटी फुगलेली, तडकलेली किंवा पाझरत असेल तर तिला चार्जिंगला लावूच नये. ती बदलायचीच.

चार्जिंग सावकाश करावे

पुष्कळांची समजूत अशी की धक्का मारून गाडी चालू केली आणि शेतात दोन फेऱ्या मारल्या की बॅटरी भरते. तसे होत नाही. गाडीचा अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे. पूर्ण बसलेलीला वर काढताना त्याच्यावर भार पडून तो गरम होतो.

बॅटरी गाडीतून काढावी. आधी निगेटिव्ह (अर्थची) वायर सोडावी, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही ती यामुळे.

चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतका ठेवावा. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ अँपिअर पुष्कळ झाले. रिकामी असेल तर सुमारे २४ तास लागतात. घाई करू नये. सीलबंद बॅटरीला १४.४ व्होल्टच्या फार वर नेऊ नये. वर गेले की आतले पाणी वायू होऊन झडपेतून निघून जाते आणि या बॅटरीत ते परत घालता येत नाही.

सुरुवातीला बॅटरी प्रवाह घेतच नाही, व्होल्ट मात्र झटकन चढतात. यावरून ती मेली असे समजू नये. काही तास धीर धरला तर प्रवाह हळूहळू वाढतो. खडीसाखर विरघळू लागली, असे समजावे.

नव्या ऑटोमॅटिक चार्जरची एक अडचण आहे. बॅटरी फारच उतरलेली असेल तर तो तिला ओळखत नाही आणि सुरूच होत नाही. अशा वेळी चार्जर बंद ठेवून एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी जाड वायरने शेजारी जोडावी, प्लसला प्लस, मायनसला मायनस. मग कमी प्रवाहावर चार्जर सुरू करावा. अर्ध्या तासाने चार्जर बंद करून चांगली बॅटरी सोडवावी आणि मोजावे. ११ च्या वर आली असेल तर पुढे एकटीलाच लावावे. हे चालू असताना तेथून हलू नये. पेटीला हात लावून पाहावा. हाताला चटका बसू लागला तर ताबडतोब बंद करावे.

जिवाची काळजी

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून उघड्या हवेत चार्ज करावे, जवळ विडी-काडी नको, मुले नकोत. अ‍ॅसिड डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे आणि थेट डॉक्टरकडे जावे. सीलबंद बॅटरीला भोक पाडून पाणी घालणे, अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या टाकणे असले उद्योग कोणी सांगितले तरी करू नयेत.

उठली की नाही?

चार्जिंग संपल्यावर रात्रभर तशीच ठेवून मोजावे. १२.५ च्या वर टिकली तर गाडीत लावून सेल्फ मारावा. त्या वेळी मीटर ९.६ च्या खाली जाऊ नये. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर एक घर गेले, नवी घ्यावी. धडधाकट दिसली तरी उठवलेली बॅटरी नव्याइतकी भरवशाची नसते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला तिच्यावर सोडायचे की नाही, याचा विचार करावा. ट्रॅक्टर फडात अडला तर टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस सुकून वजन व उतारा दोन्ही घटतात. ते नुकसान नव्या बॅटरीपेक्षा मोठे.

बसूच नये म्हणून

हंगाम संपला की निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. बॅटरी आपोआपही उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की तो वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात घेऊन सावलीत ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्ज करावी. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या काळच्या पेट्यांपुरती होती. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ते लागू नाही.

ड्रायव्हर मंडळींनाही एक सांगणे. इंजिन बंद ठेवून स्पीकर आणि रंगीत दिवे लावले आणि ते ५ अँपिअर ओढत असतील, तर ८ तासांत ४० अँपिअर-तास जातात. म्हणजे निम्मी बॅटरी गाण्यातच गेली! टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, पुसून घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. इंजिन चालू असताना मीटर १३.८ ते १४.४ दाखवत नसेल तर बॅटरीपेक्षा अल्टरनेटर आणि बेल्ट आधी पाहावा.

शेवटी बदलायची वेळ आलीच तर जुनी बॅटरी फोडू नये, ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ टाकू नये. शिसे विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणेही ती उकिरड्यावर टाकता येत नाही. दुकानदाराला परत द्यावी. नवीच्या किमतीत तिची वजावटही मिळते.

तेव्हा मंडळी, मोळी टाकण्याच्या मुहूर्ताची वाट न पाहता आजच एकदा शेडमध्ये जाऊन मीटर लावून पाहावा, ही विनंती.